लाइट जाण्यापासून भूकंपापर्यंत: घर आधीच कसं तयार ठेवायचं

आपत्तीची तयारी म्हटलं की लोक आधी याद्या शोधतात, टॉर्च घ्या, दोरी घ्या, शिट्टी घ्या, मग ते सगळं एका पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलं की मोकळे. माझं म्हणणं, यादी नंतर. आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी घराचा मेन स्विच पाडा आणि झोपेपर्यंत तसेच राहा. घरातल्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर भांडणं होतील, आणि घरात कोणी ऑक्सिजनच्या किंवा श्वासाच्या मशीनवर असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका. फ्रिजची काळजी नको, दार उघडलं नाही तर चारेक तास आतला माल नीट राहतो.

त्या तीन-चार तासांत जे कळतं ते कुठल्याच यादीत नसतं. टॉर्च आहे पण कुठे आहे ते फक्त एकाच माणसाला माहीत, आणि तो नेमका बाहेर. टॉर्च सापडला तर आतले सेल पाझरून हिरवे झालेले. पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही. शेगडी बटणाने पेटते आणि ते बटण विजेवर चालतं, काडेपेटी घरात नाहीच. सोसायटीचं गेट मोटरवर, हाताने कसं उघडायचं कुणालाच ठाऊक नाही. वायफाय गेलं, मोबाईल २० टक्क्यांवर. हे सगळं कागदावर लिहून काढा, तीच तुमची खरी यादी, बाकी सगळं त्यात भर.

आता मुद्दा असा की पूर, वादळ, भूकंप, हिमवर्षाव, वणवा ही कारणं वेगवेगळी असली तरी घरात बंद पडणाऱ्या गोष्टी त्याच त्या असतात: वीज, पाणी, संडास, चूल, फोन, औषधं आणि बाहेर पडायचा रस्ता. म्हणून आपत्तीनुसार तयारी करत बसू नका, कारण ती कधीच पुरी होत नाही. या सात गोष्टी एकेक करून धरा. पहिलं टार्गेट तीन दिवस, ते जमलं की हळूहळू दोन आठवडे. दोन आठवडे जास्त वाटतील, पण बघा, २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये जवळपास सगळीकडची वीज भरदिवसा गेली, ती बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परत आली. आणि २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर काही घरांना महिनोन् महिने वीज नव्हती. दोन्ही वेळेला सुरुवातीला कोणीतरी येऊन आपलं सगळं बघेल ही आशा काही कामाची नव्हती.

पाणी

मी असतो तर पहिला खर्च इथेच केला असता, कारण खाण्यावाचून माणूस बरेच दिवस काढतो, पाण्यावाचून नाही. हिशोब साधा आहे: माणशी दिवसाला ४ लिटर, त्यातलं साधारण अर्धं प्यायला, उरलेलं स्वयंपाक आणि जेमतेम हात-तोंड धुवायला. चार जणांचं घर, तीन दिवस, म्हणजे ४८ लिटर. उन्हाळा असेल, घरात बाळ असेल, आजारी माणूस असेल तर वाढवा. कुत्रा-मांजर असेल तर त्यांचंही धरा, ते नेहमी विसरलं जातं.

साठवायला खाण्यापिण्यासाठीचे झाकणाचे डबे किंवा कॅन घ्या. केमिकलचे जुने कॅन कितीही धुतले तरी वापरू नका. एकच मोठा ड्रम भरण्यापेक्षा १०-१० लिटरचे कॅन बरे, कारण ड्रम उचलता येत नाही आणि एकदा आत घाणेरडा हात किंवा मग गेला की सगळंच पाणी गेलं. घरी भरलेलं पाणी सहा महिन्यांनी बदला, कॅनवर तारीख लिहा, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा, पेट्रोल-रॉकेल-कीटकनाशक यांच्या शेजारी नको.

वादळाचा इशारा आला की बादल्या, टब, मोठी पातेली सगळं भरून घ्यायचं. हे प्यायला नाही, संडासला आणि धुवायला. लहान मूल असेल तर भरलेला टब झाकून बाथरूमचं दार बंद ठेवा, बाळ बुडायला फार पाणी लागत नाही. गीझरच्या टाकीतही पाणी असतं, आधी गीझरची वीज किंवा गॅस बंद करून, थंड होऊ देऊन खालच्या कॉकमधून काढता येतं.

साठा संपला आणि मिळतंय ते पाणी खात्रीचं नाही, तर असं करा: आधी पाणी स्थिर ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी स्वच्छ घडी घातलेल्या कापडातून गाळा, मग उकळा. बुडबुडे नुसते दिसायला लागले म्हणून बंद करू नका, खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. उकळणं शक्य नसेल तर साधं ब्लीच चालतं, पण त्यात वास, रंग किंवा साबण घातलेलं नको, बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ ते ६ टक्के असं लिहिलेलं पाहिजे. एका लिटरला २ थेंब, पाणी गढूळ असेल तर ४ थेंब, हलवून अर्धा तास ठेवायचं. नंतर क्लोरीनचा हलकासा वास आला पाहिजे, नाही आला तर तेवढेच थेंब परत घालून आणखी १५ मिनिटं थांबा. ब्लीच ठेवून ठेवून कमजोर होतं त्यामुळे जुनी बाटली त्यासाठी नको, दरवर्षी नवी. आणि एक लक्षात ठेवा, पुराच्या पाण्यात डिझेल, रसायनं मिसळलेली असतील तर ना उकळून उपयोग ना ब्लीच घालून, ते पाणी पिऊच नका.

जुलाब लागले तर एक लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा छोटा चहाचा. तयार ओआरएसची पाकिटं असतील तर उत्तमच. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका, लहान मुलांना ते धोक्याचं आहे.

संडास

यावर कोणी बोलत नाही आणि पहिल्याच दिवशी हाच प्रश्न येतो. नळ बंद असला तरी पाइप शाबूत असतील तर बादलीभर पाणी, म्हणजे साधारण ५-६ लिटर, जोरात थेट भांड्यात ओतलं की फ्लश होतो, भांडी धुतलेलं पाणी यालाच ठेवा. पण भूकंपानंतर पाइप फुटल्याची शंका असेल किंवा पुराने गटारं तुंबली असतील तर फ्लश करू नका, घाण खालच्या मजल्यावर उलटी वर येते. मग झाकणाच्या बादलीत दुहेरी जाड पिशवी, वर लाकडाचा भुसा, राख किंवा कोरडी माती, पिशवी बांधून वेगळी ठेवायची. त्यासाठी पिशव्या, हातमोजे, साबण, सॅनिटरी पॅड आणि डायपर यांचा साठा लागतो. ओंगळ वाटतं, पण आपत्तीनंतर माणसं आजारी पडतात ती बऱ्याचदा यामुळेच.

वीज: आधी गणित, मग खरेदी

मेणबत्त्या नकोत. अंधारात, पडदे, मुलं, आफ्टरशॉक म्हणजे भूकंपानंतरचे हादरे, गॅसचा वास, या सगळ्यात उघडी ज्योत म्हणजे नवीन आपत्तीला आमंत्रण. एलईडी टॉर्च माणशी एक, आणि एखादा डोक्याला लावायचा टॉर्च असला तर दोन्ही हात मोकळे राहतात. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नका, पाझरतात, शेजारी रबरबँडने बांधून ठेवा. घरातले सगळे टॉर्च शक्यतो एकाच साइजच्या सेलचे घ्या.

पॉवर बँकचा आकडा बघून लोक फसतात. १०,००० एमएएच (मिलीअँपिअर-अवर) म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॉट-अवर, म्हणजे एक वॉटची वस्तू ३७ तास चालेल एवढी वीज. ५,००० एमएएच बॅटरीचा फोन साधारण १९ वॉट-अवरचा, म्हणजे दोनदा चार्ज व्हायला पाहिजे, पण मध्ये व्होल्टेज बदलताना आणि केबलमध्ये वीज वाया जाते, प्रत्यक्षात दीड वेळा होतो. त्यामुळे चार फोनच्या घराला एका पॉवर बँकेवर तीन दिवस काढता येणार नाहीत. दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करायचं कॅलेंडरवर टाका, पडून पडून त्या उतरतात. कडक थंडीत, शून्याखाली, लिथियम बॅटरी चार्ज करू नका, खराब होते.

इन्व्हर्टरचं गणितही असंच. १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-अवर) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर, पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही खातो, म्हणून हातात १२०० च्या आसपास धरा. जुन्या पद्धतीचे दोन पंखे ७५-७५ वॉटचे, ९ वॉटचे चार दिवे आणि १२ वॉटचा राउटर, झाले जवळपास २०० वॉट, म्हणजे सहा तास. तेच पंखे ३० वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे असतील तर १०८ वॉट, अकरा तास. म्हणून मी म्हणेन, बॅटरी मोठी घेण्याआधी पंखे बदला, त्यातून रोजचं बिलही कमी येतं. लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, आणि ती बंद कपाटात ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. नुसता राउटर चालवायचा असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो बरेच तास काढतो, पण तुमच्या भागातली नेटची यंत्रणाच बंद पडली तर त्यालाही इलाज नाही.

जनरेटरबद्दल मात्र कडक शब्दांत. घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, बाल्कनीत नाही, दार-खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नाही. घरापासून निदान ६ मीटर लांब, धूर दार-खिडकीच्या उलट दिशेला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस समजतो थकवा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिवाळी वादळात वीज गेली तेव्हा लोकांनी ऊब मिळावी म्हणून घरात कोळसा पेटवला, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, आणि थंडीने तर माणसं गेलीच, पण या वायूनेही जीव गेले. कोळशाची शेगडीही आत नकोच. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावून घ्या. जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी घालून घर चालवायचा शहाणपणा करणारे असतात, ती वीज बाहेरच्या लाइनवर जाते आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी एकतर बाहेरच्या लाइनला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच बसवा, इलेक्ट्रिशियनकडूनच. इंधन भरताना आधी बंद करून थंड होऊ द्या.

खाणं आणि फ्रिज

खास 'आपत्तीचं खाणं' वगैरे विकत घेऊ नका. जे रोज खाता त्यातलंच सुकं, टिकाऊ, थोडं जास्त आणा, जुनं आधी वापरा, नवं मागे लावा. त्यातलं निदान एक दिवसाचं असं पाहिजे की जे शिजवावं लागत नाही आणि ज्याने तहान वाढत नाही. डबाबंद असेल तर हाताने चालणारा डबा उघडायचा ओपनर. इंडक्शनवर घर चालत असेल तर गॅसचा किंवा स्पिरिटचा एखादा छोटा स्टोव्ह, हवेशीर जागी.

लाइट गेली की फ्रिज सारखा उघडू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. म्हणून रिकाम्या फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, पूर्ण भरू नका, पाणी गोठताना फुगतं. एक छान युक्ती: कपात पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. बाहेरगावाहून आलात आणि नाणं तळाला दिसलं तर तुमच्या मागे सगळं वितळून परत गोठलंय, टाकून द्या. दूध, मांस, शिजवलेलं अन्न ४ अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर चाखून बघू नका, चवीवरून कळत नाही.

औषधं आणि मशीन

रोजच्या गोळ्यांचा निदान आठवड्याचा जास्तीचा साठा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो, चष्म्याची जुनी जोडी. चालू असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे चालतं, पण पाकिटावरची मर्यादा वाचा, आणि त्याला थेट बर्फावर ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. मशीनवर अवलंबून असलेला माणूस घरात असेल तर वीज कंपनीकडे आधीच नोंद करता येते का विचारा आणि बॅटरी किती तास चालते हे डॉक्टरांशी बोलून लिहून ठेवा. अशा घराने लाइट येईल म्हणून वाट बघत बसू नये, अर्धी बॅटरी संपायच्या आत कुठे जायचं ते ठरलेलं पाहिजे.

संपर्क

मोबाईल टॉवरची बॅटरी काही तासच चालते आणि पहिल्या तासात सगळेच फोन करतात म्हणून लाइन लागत नाही. एसएमएस छोटा असतो, तो रांगेत थांबून जातो, कॉल जात नाही. म्हणून आधीच ठरवा: दुसऱ्या शहरातला एक नातेवाईक, सगळे त्यालाच 'ठीक आहे, अमुक ठिकाणी आहे' एवढंच कळवतील. त्याचा नंबर पाठ पाहिजे, किंवा कागदावर, मुलांच्या दप्तरात. घरी परतता आलं नाही तर भेटायच्या दोन जागा ठरवा, एक घराजवळ, एक भागाबाहेर. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. आणि सेलवर किंवा हँडल फिरवून चालणारा रेडिओ, जुनाट वाटतो पण नेट बंद पडल्यावर बातमी त्यावरच मिळते. शेजाऱ्यांशी ओळख ठेवा असं म्हटलं की उपदेश वाटतो, पण जानेवारी १९९५ मध्ये जपानमधल्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेक लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. कुठल्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, कुणाकडे शिडी, पहार आहे, एवढं माहीत असलं तरी पुष्कळ.

घर

गॅसचा व्हॉल्व, पाण्याचा मुख्य कॉक आणि मेन स्विच, हे तिन्ही घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला डोळे मिटून सापडले पाहिजेत, कॉकला पाना लागत असेल तर तो तिथेच टांगा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही, हाताशी असेल तर व्हॉल्व बंद, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर.

भूकंपाच्या पट्ट्यात राहत असाल तर उंच कपाटं भिंतीला पट्टीने आवळा, पलंगाच्या वर काचेची फ्रेम किंवा जड शेल्फ नको, पलंगाखाली बूट आणि टॉर्च पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधा, कारण नंतर फुटलेल्या काचांनी पाय कापतात. हादरे चालू असताना पळू नका, टेबलाखाली जा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. लिफ्ट नाही.

पुराची भीती असेल तर कागदपत्रं, बॅटरी, धान्य वर. पाणी यायच्या आधी मेन स्विच पाडा, पायाखाली पाणी असताना बोर्डाला हात लावू नका. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठा माणूस पाडू शकतं, ३० सेंटिमीटरमध्ये बऱ्याच गाड्या तरंगायला लागतात, त्यामुळे 'एवढ्यातून निघून जाईल' हे डोक्यातून काढाच. चक्रीवादळात मध्येच वारा एकदम थांबला तर तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग असू शकतो, थोड्या वेळाने उलट्या दिशेने तेवढाच जोराचा वारा येतो, बाहेर पत्रे बघायला जाऊ नका. विजा चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, आत या, प्लग काढा, अंघोळ थांबवा, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास आतच राहा.

पिशवी

घर सोडावं लागलं तर उचलून निघायची. ती दाराजवळ, माळ्यावर नाही. आत: पाणी, न शिजवता खायचं, औषधं, टॉर्च, पॉवर बँक आणि केबल, रेडिओ, शिट्टी, जाड कपडे, प्रथमोपचार, धुळीचा मास्क, सुट्टे पैसे (एटीएम आणि कार्ड दोन्ही बंद पडतात आणि मोठ्या नोटेचे सुट्टे कुणी देत नाही), ओळखपत्र-विमा-घराचे कागद यांच्या प्रती वॉटरप्रूफ पाकिटात आणि पासवर्ड लावलेल्या पेन ड्राइव्हवर. लहान मुलाच्या पिशवीत त्याचं एक खेळणं. वजन करून बघा, जी उचलून दोन जिने उतरता येत नाही ती पिशवी निरुपयोगी. गाडीत इंधन अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, पंपसुद्धा विजेवर चालतात. पिशवीतलं खाणं, सेल आणि मुलांचे कपडे वर्षातून दोनदा बघा, मुलं वाढतात हे पिशवीला कळत नाही.

लाइट आल्यावर

लाइट गेल्या गेल्याच फ्रिज, टीव्ही, कॉम्प्युटर, एसी यांचे प्लग काढायचे आणि फक्त एक दिवा चालू ठेवायचा, वीज आली हे कळायला. आली की पाच-दहा मिनिटं थांबा, व्होल्टेज स्थिर होऊ द्या, मग एकेक करून लावा, फ्रिज आधी. घरात पाणी शिरलं असेल तर इलेक्ट्रिशियनने वायरिंग बघितल्याशिवाय मेन चढवू नका, भिंती कोरड्या दिसल्या तरी. साफसफाईच्या आधी प्रत्येक खोलीचे, पाण्याच्या खुणेचे आणि खराब झालेल्या वस्तूंचे फोटो काढा, विमा मागताना लागतात. भिजलेल्या गाद्या, कापूस, पुठ्ठा २४ ते ४८ तासांत बुरशी धरतात, त्या आधी बाहेर काढा. आणि साठ्यातलं जे जे वापरलं ते त्याच आठवड्यात परत भरा, नंतर भरू म्हटलं की पुढच्या इशाऱ्यापर्यंत ते राहूनच जातं.